गुडघा, टाच, पाऊल : कोणतं दुखणं थांबेल, कोणतं थांबणार नाही

(गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी पाठ)



बैठक संपून वह्या मिटल्या की उठताना निम्म्या जणींच्या तोंडून "आई गं" निघतं. कोणी शेजारणीच्या खांद्याचा आधार घेते, कोणी गुडघ्यावर हात दाबून उठते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "वय झालं आता." असं म्हणणाऱ्यांत पस्तिशीच्या तायाही असतात. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीला म्हणतो. या वेळी ते हाडं, सांधे आणि पाय यांच्यापुरतं नीट समजून घेऊ.

जास्त दुखतं ते जास्त धोक्याचं आणि दुखत नाही ते किरकोळ, असं आपण सगळ्या धरून चालतो. हाडं, सांधे आणि पायांच्या बाबतीत हे बऱ्याचदा उलटं असतं. सकाळी उठल्यावर टाच जीव काढते, पण ती बहुतेक वेळा घरच्या उपायांनी बरी होते. उलट साखर असलेल्या बाईच्या तळव्याची जखम मुळीच दुखत नाही आणि तीच बोट किंवा पाऊल घेऊन जाते. म्हणून "किती दुखतंय" एवढंच विचारून चालणार नाही. कधीपासून दुखतंय, सोबत आणखी काय होतंय आणि पायाला स्पर्श कळतोय का, हेही विचारायचं.

मी डॉक्टर नाही. आजार ठरवण्याचं काम डॉक्टरांचं. दवाखान्यात कधी जायचं हे मात्र आपणच ठरवतो, म्हणून हा पाठ.

१. गुडघे

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. वय, वजन, जुना मार आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम यांनी ते झिजतं. गावात याला "वंगण संपलं" म्हणतात. चढताना-उतरताना आणि उकिडवं बसून उठताना जास्त दुखतं. सकाळी गुडघा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो.

झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण दुखणं कमी करता येतं. त्यासाठी मांडीचा स्नायू बळकट हवा. नुसती विश्रांती घेतली तर तो आणखी ढिला पडतो आणि भार गुडघ्यावरच येतो. हा व्यायाम करा : ओट्यावर किंवा खुर्चीवर बसा. एक पाय समोर सरळ करा, पावलाची बोटं स्वतःकडे ओढा, मांडी घट्ट करा आणि पाचपासून दहापर्यंत आकडे मोजा. मग पाय हळू खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चार दिवसांत फरक दिसणार नाही, सहा ते आठ आठवडे नेमाने करा.

वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. भांडी-कपडे पाटावर न बसता उंच स्टुलावर बसून करा. खुरपणी टळत नाही, पण दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. गटाच्या अवजार बँकेत सायकल कोळपं असेल तर ते आपल्यासाठीच आहे, मागून घ्या.

गुडघा मध्येच अडकत असेल, दगा देत असेल किंवा दीड-दोन महिने व्यायाम करूनही फरक नसेल तर दवाखान्यात दाखवा. गुडघा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी जा. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत सांधा खराब करतो.

२. सकाळी हातांची बोटं आखडतात

गावात सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतात. पण रुमॅटॉइड संधिवात हा वेगळा आजार आहे. यात शरीराची रोगाशी लढणारी ताकद स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. बायकांना तो पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होतो आणि तिशी-चाळिशीतही होतो. ओळख अशी : दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळचं आखडलेपण अर्धा-एक तास होऊनही जात नाही, भाकरी थापता येत नाही, अंगात कसर आणि थकवा राहतो.

ही लक्षणं सहा आठवड्यांपर्यंत टिकली तर थांबू नका. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. एकदा बोटं वाकडी झाली की औषधानं सरळ होत नाहीत. या आजारात दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवा, पाकिटावर लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

पावसाळ्यात तापानंतर सगळे सांधे धरले तर चिकुनगुनिया असू शकतो. त्याची सांधेदुखी काही जणींना महिनोन्महिने राहते. ताप असेपर्यंत पॅरासिटॅमॉलच घ्या. डेंग्यू नाही हे तपासणीत कळेपर्यंत दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका, कारण डेंग्यूत त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

३. कंबर

मोळी उचलणं, हंडे, वाकून वेचणी. कंबर धरणं आपल्याला नवीन नाही. बहुतेक कंबरदुखी चार ते सहा आठवड्यांत आपोआप उतरते. अंथरुणाला खिळून राहू नका, जमेल तेवढी हालचाल ठेवा. ओझं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यात वाका आणि ओझं पोटाशी धरा.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी अडकत असेल किंवा नकळत होत असेल, शौचावर ताबा राहत नसेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटत असेल, तर एक रात्रही थांबायचं नाही. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ही खूण आहे. उशीर झाला तर ताबा कायमचा जातो. ही लक्षणं सांगायला लाज वाटते, म्हणूनच बायका उशिरा पोहोचतात. जाऊबाई, सासूबाई, गटातली ताई, कोणाला तरी सांगा.

संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. क्षयरोग मणक्यालाही होतो. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

४. हाडं ठिसूळ होणं

हे गुपचूप होतं. पाळी थांबल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वेगानं सुरू होते. दुखत काहीच नाही. मग अंगणात साधा पाय घसरतो आणि मनगट मोडतं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं. कोणाची उंची कमी होते, पाठीला पोक येतं. आपण त्याला म्हातारपण म्हणतो, पण ते मणके दबल्याचंही असू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. आपल्याकडेही तरुण वयात पिशवी काढलेल्या ताया प्रत्येक गावात आहेत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले असतील तर त्या दिवसापासून पाळी थांबल्यासारखाच परिणाम होतो. पस्तिशीतल्या बाईची हाडं पन्नाशीनंतरच्या बाईसारखी झिजू लागतात. अशा प्रत्येक ताईने डिस्चार्ज कार्ड शोधा, अंडाशय काढलेत का हे डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि "माझ्या हाडांसाठी काय करायचं" हे त्यांना विचारा. ज्यांना कोणी पिशवी काढायला सांगतंय त्यांनी सही करण्याआधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरांचं मत घ्या.

खाण्याचं बघू. मोठ्या बाईला रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, १०० मिली दुधात सुमारे १२०, चमचाभर (१० ग्रॅम) तिळात सव्वाशेच्या आसपास. शेवग्याचा पाला आणि राजगिराही चांगले. म्हणजे नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वाटीभर दही. यातलं बरंचसं आपल्याच शिवारात आहे. सगळं दूध डेअरीला घालू नका, घरातल्या बाईच्या वाटचं पेलाभर राखून ठेवा. आणि तंबाखूची मिश्री सोडा, तंबाखूनंही हाडं कमकुवत होतात.

५. टाच, भेगा, कुरूप, चिखल्या

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते. हे तळव्याच्या जाड पडद्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये "हाड वाढलंय" दिसलं तरी घाबरू नका, तसं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं. घरात फरशीवरही मऊ चप्पल घाला. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरा. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे सरळ ठेवून पोटरी ताणा. बरं व्हायला काही महिने लागतात, पण बहुतेकींना ऑपरेशनची गरज पडत नाही.

भेगांसाठी रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा, पुसून कोरडे करा, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा आणि मोजे घाला. ब्लेडने कातडी काढू नका. कुरूपही ब्लेडने कापू नका. पाण्या-चिखलातल्या कामाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कामावरून आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरडी करणं हा अर्धा उपाय, बुरशीवरचं मलम हा उरलेला अर्धा. साखर असलेल्या ताईंनी यातलं पाय भिजवणं करायचं नाही. का, ते पुढे वाचा.

६. न दुखणारं पाऊल

हा भाग दोनदा वाचा.

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बोथट होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, रात्री तळवे तापतात. मग स्पर्शच कळेनासा होतो. चप्पल निसटली तरी समजत नाही. रक्तपुरवठाही कमी होतो, त्यामुळे जखम भरत नाही.

नाव न घेता एका मावशींचं सांगते. आठ वर्षांची साखर. कापूस वेचताना पायात काटा मोडला, तो कळलाच नाही. दोन दिवसांनी चप्पल ओली लागली तेव्हा जखम दिसली. हळद-तेल लावलं. "दुखत नाही, म्हणजे बरं होतंय," असं त्यांना वाटलं. वेचणीची मजुरी किलोवर, एक दिवस बसलं तर तेवढे पैसे गेले. वेचणी संपली की जाऊ, असं ठरलं. बाराव्या दिवशी बोट काळं पडलं. दोन बोटं काढावी लागली. त्या आजही गटात येतात आणि साखर असलेल्या प्रत्येकीला आधी पाय दाखवायला लावतात.

साखर असलेल्या ताईंनी रोज हे करायचं :
रात्री दोन्ही तळवे आणि बेचकी बघायची. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा किंवा सुनेला, मुलाला बघायला सांगायचं.
अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. देवळात जातानाही जाड मोजे घालायचे.
चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा, खिळा, काटा सापडतो.
गरम पाण्यात पाय भिजवायचे नाहीत आणि थंडीत शेकोटीवर शेकायचे नाहीत. भाजलेलं कळत नाही.
नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. कुरपाच्या पट्ट्या लावायच्या नाहीत.
तळव्यावर फोड, चीर, जखम, काळा-निळा डाग दिसला की दुखो न दुखो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना.
जखम नसतानाही एक पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर त्या पायावर भार न देता लगेच दाखवायचं.

बधिरपणाचं आणखी एक कारण कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नाही, अशी त्याची खूण. हा आजार पूर्ण बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. लपवलं तर हात-पाय वाकडे होतात. बधिर पायांसाठी मऊ तळाची एमसीआर चप्पल मिळते, तिच्याबद्दल आशाताईंना विचारा.

७. पडल्यावर

हाड मोडल्यासारखं वाटलं तर चोळू नका, ओढू नका. आहे त्या स्थितीत फळी किंवा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने बांधा. सूज वाढायला जागा राहील इतकंच घट्ट. बांगड्या, जोडवी, अंगठ्या लगेच काढा. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका आणि १०८ ला फोन करा. म्हातारं माणूस पडलं, त्याला उभं राहता येत नाही आणि पाय आखूड, बाहेर वळलेला दिसतो, तर खुबा मोडल्याची शंका धरा. उचलून बसवण्याची घाई करू नका.

गावातल्या हाड बसवणाऱ्यांवर आपला विश्वास असतो, त्यांचा अपमान करायचा नाही. पण आधी एक्स-रे काढा. आणि पट्टी कोणीही बांधलेली असो, बोटं निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, दुखणं असह्य वाढलं, तर पट्टी तिथेच सैल करा आणि दवाखाना गाठा. प्लास्टर असेल तर जिथे घातलं तिथे लगेच जा. काही तासांचा उशीर हात-पाय घालवू शकतो.

८. गोळी, पुडी, इंजेक्शन

दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दोन दिवस ठीक. महिनोन्महिने घेतली तर पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडं खराब होतात. काळी शौच झाली तर गोळी बंद करून त्याच दिवशी दाखवा.

बाजारात किंवा गावोगाव फिरणाऱ्यांकडून मिळणारी नाव नसलेली पुडी दोन दिवसांत जादू करते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड सापडलं आहे. त्यानं तोंड सुजतं, साखर वाढते आणि हाडं आणखी ठिसूळ होतात. पण महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, त्यानेही अंगात ताकद उरत नाही, बेशुद्धी येऊ शकते. पुडी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करा.

९. कुठे जायचं, पैशाचं काय

सुरुवात आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरापासून. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब तिथे मोफत तपासतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतात. कोणतं ऑपरेशन बसतं ते त्यांनाच विचारा.

बाकी गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत कोण येणार हे प्रश्न उरतात. बाई तिथेच अडते. म्हणून गटाने आधीच ठराव करून ठेवा : "आजच्या आज" यादीतल्या कारणासाठी बैठकीची वाट न बघता अध्यक्ष आणि सचिव किती रुपयांपर्यंत कर्ज देऊ शकतात. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत मिळते का तेही विचारा. सोबत जाणाऱ्या दोघींची नावं वहीत लिहा.

भिंतीवर लावायची यादी

घरी उपाय करा : टाचदुखी, भेगा, चिखल्या, कामाने धरलेली कंबर, चढताना दुखणारा गुडघा. साखर असेल तर पायाचं काहीही या यादीत नाही.

या आठवड्यात दाखवा : सहा आठवडे टिकलेली सांध्यांची सूज, तासभर आखडणारी बोटं, ताप-वजन घटीसह पाठदुखी, पायांना मुंग्या किंवा बधिरपणा, बधिर चट्टा, साध्या पडण्याने मोडलेलं हाड, कमी झालेली उंची.

आजच्या आज जा : साखर असताना पायाला जखम किंवा सूज, लाल-गरम सांधा आणि ताप, कंबरदुखीसह लघवी-शौचाचा ताबा जाणं, पडल्यावर उभं न राहता येणं, पट्टीखाली निळी बोटं, काळी शौच.

बैठकीत करा (१५ मिनिटं)

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने चप्पल काढून डोळे मिटायचे. दुसरीने तिच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, पुन्हा करायचं नाही. स्पर्श कळला की पहिलीने सांगायचं. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श होतात. दोन किंवा अधिक कळले नाहीत तर तिचं नाव वेगळं लिहा आणि त्याच आठवड्यात आशाताईंबरोबर साखर आणि पाय तपासायला पाठवा.

मग या तीन प्रश्नांवर बोला आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवा :
१. आपल्या गटात साखर असलेल्या किती जणी आहेत आणि शेवटची तपासणी कधी झाली?
२. पिशवी काढलेल्या कोण आहेत आणि डिस्चार्ज कार्ड कोणाकडे सापडलं?
३. तातडीच्या आरोग्य कर्जाचा ठराव किती रकमेचा करायचा?

पुढच्या भेटीत मी प्रत्येक गटाचं इतिवृत्त बघणार आहे. कर्जाची परतफेड जशी तपासते, तशीच ही तीन उत्तरंही तपासेन.

आपली,
क्षेत्र समन्वयक